जुन्या शहरातले फ्यूज आणि डीबी
अकोल्यात मोर्णेकाठच्या जुन्या शहरातील जुन्या घरांत लाकडी पट्ट्यांवरून वायरिंग फिरे आणि चिनी मातीच्या दोन-चार फ्यूजवर सगळे घर चाले. फ्यूज उडाला की तार बांधायची. जाड तार बांधली की संरक्षणच संपे, आणि उकाड्यात घाईने नेमके तेच होई. फ्यूजच्या जागी येणारी, जादा प्रवाह आला की आपोआप खटका पाडणारी एमसीबी जर्मनीत १९२४ मध्ये पेटंट झाली, पण भारतीय घरांत फार उशिरा रुळली. वऱ्हाडी उन्हाळ्यामुळे कूलर आले, मग एसी. एकाच फ्यूजवरचा भार वाढला. मोठ्या घराच्या डीबीत, म्हणजे वीजवाटपाच्या पेटीत, आता दिवे, स्वयंपाकघर, मोटार, प्रत्येक एसी यांना स्वतंत्र एमसीबी असते: दिव्यांना सहसा ६, एसीला १६ ते २० अँपिअर. तिचे रेटिंग तारेच्या क्षमतेपेक्षा जास्त नसावे. झटक्यापासून बचावाला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती ओळखून पुरवठा तोडणारा खटका, लागते. ते काम एमसीबीचे नाही.