दिनविशेष : १ ऑगस्ट – पैशापैशातून उभी राहिलेली काचशाळा

लोकमान्य टिळकांची आज पुण्यतिथी (निधन १९२०). त्यांच्या स्वदेशीच्या आग्रहाची एक ठोस खूण मावळात, तळेगाव दाभाडे येथे उभी राहिली. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत दारोदार फिरून ‘पैसा फंड’ गोळा केला आणि त्यातून १९०८ मध्ये काच कारखाना सुरू झाला. त्याच वर्षी टिळकांना मंडालेची शिक्षा झाली. कारखान्याची तांत्रिक धुरा ईश्वरदास वार्ष्णेय यांच्याकडे होती. जपानमध्ये आणि अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकून ते परतले होते.

हा नुसता कारखाना नव्हता, शाळाही होती आणि त्याचे खरे मोल तिथेच आहे. वाळू, सोडा आणि चुना भट्टीत वितळवायचा, लालबुंद रस फुंकनळीच्या टोकावर घ्यायचा, नळी सतत फिरवत श्वास बेताने सोडायचा; हे पुस्तकातून येत नाही. इथे तयार झालेले कारागीर देशातील इतर काच कारखान्यांत गेले. वार्ष्णेय यांनीही पुढे संयुक्त प्रांतात बहजोई येथे काच कारखाना उभारला.