आंतरजालाचे प्रोटोकॉल व प्रमाणके

संगणकांनी परस्परांशी माहितीची देवाणघेवाण करताना पाळावयाच्या नियमांच्या संचास प्रोटोकॉल म्हणतात. संदेशाचे तुकडे कसे पाडावयाचे, त्यांवर पत्ता कसा घालावयाचा व एखादा तुकडा वाटेत गहाळ झाल्यास काय करावयाचे, हे दोन्ही टोकांस आधीच ठाऊक असावे लागते. निरनिराळ्या उत्पादकांची यंत्रे एकत्र जोडावयाची, तर हे नियम सर्वमान्य व लिखित असणे आवश्यक ठरते. अशा लिखित नियमांस प्रमाणके म्हणतात.

उगम : अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या साहाय्याने अर्पानेट हे जाळे १९६९ मध्ये सुरू झाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये स्टीव्ह क्रॉकर या विद्यार्थ्याने त्याच्या नियमांविषयीचे पहिले टिपण लिहिले. आज आरएफसी या नावाने ओळखली जाणारी टिपणांची माला यातूनच सुरू झाली. १९७४ मध्ये व्हिंटन सर्फ व रॉबर्ट कान यांनी भिन्नभिन्न जाळी एकमेकांस जोडण्याची योजना मांडली. तीतून टीसीपी व आयपी हे प्रोटोकॉल सिद्ध झाले. आयपी प्रत्येक तुकडा पत्त्यानुसार पुढे धाडतो, तर टीसीपी तुकडे क्रमवार लावतो व हरवलेले पुन्हा मागवितो. १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेटने या प्रोटोकॉलांचा स्वीकार केला.

याच सुमारास आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरण संघटनेने सात थरांचा ओएसआय आराखडा तयार केला. तो १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. अनेक शासनांचा कल त्याच्याकडे होता. परंतु त्याची प्रमाणके विकत घ्यावी लागत. आरएफसी टिपणे मात्र विनामूल्य मिळत आणि टीसीपी/आयपीची चालू आज्ञावली बर्कली विद्यापीठाच्या युनिक्सबरोबर उपलब्ध होती.

भारतातील जाळे : भारतात हा प्रश्न प्रथम शिक्षणसंस्थांपुढे आला. केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने १९८६ मध्ये अर्नेट हा शैक्षणिक जाळ्याचा प्रकल्प हाती घेतला. मुंबईतील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी व पवईची आयआयटी यांमध्ये १९८६–८७ मध्ये साध्या दूरध्वनी तारेवरून इ-पत्रव्यवहार सुरू झाला. दिल्ली–मुंबई ही सेकंदास ९,६०० बिट वाहणारी पहिली भाड्याची तार जानेवारी १९९१ मध्ये जोडण्यात आली. अर्नेटवर प्रारंभी टीसीपी/आयपी व ओएसआय या दोन्ही पद्धती चालविण्यात आल्या. त्यामुळे अभियंत्यांना दोहोंचा प्रत्यक्ष अनुभव मिळाला. १९९५ नंतर जवळजवळ सर्व वाहतूक टीसीपी/आयपीवरच होऊ लागली. त्याच वर्षी १५ ऑगस्ट रोजी विदेश संचार निगमाने आंतरजाल सेवा सर्वसामान्यांस खुली केली.

शिक्षण : ओएसआयचे सात थर आजही अभ्यासक्रमात शिकविले जातात, व्यवहारातील जाळी मात्र टीसीपी/आयपीवर चालतात. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथे १९६० मध्ये स्थापन झालेले शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या परिसरातील राष्ट्रीय इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान संस्थेचे केंद्र येथे तंत्रशिक्षणाची सोय आहे. मोठ्या प्रयोगशाळांपासून दूर असलेल्या अशा शहरांच्या दृष्टीने प्रमाणकांचा खुलेपणा विशेष महत्त्वाचा ठरतो. कॅलिफोर्नियातील अभियंता जे मूळ टिपण वाचतो, तेच मराठवाड्यातील विद्यार्थ्यास मूल्य न देता वाचता येते व त्यावर मतही कळविता येते. मात्र ही टिपणे इंग्रजीत असल्याने मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यास भाषेची अडचण उरतेच.

भाषा व प्रमाणके : आंतरजालावरील स्थळांच्या नावांत पूर्वी केवळ रोमन अक्षरे, अंक व संयोगचिन्ह चालत. २००३ मध्ये अन्य लिप्यांसाठी प्रमाणक तयार झाले व २०१० मध्ये ते सुधारण्यात आले. त्याच्या आधारे २०१४ मध्ये देवनागरीतील ‘.भारत’ हे नामक्षेत्र खुले झाले. मराठी नावास आंतरजालावर स्थान मिळण्यासाठी लिपीइतकीच नियमांत दुरुस्ती होण्याची आवश्यकता होती, हे यावरून दिसून येते.