हस्ते आणि बाबत

1983 च्या दिवाळीत मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात कारकून म्हणून लागलो. माझ्यावर दिवाणजी होते, सत्तरीचे. पाडव्याला नवी चोपडी उघडली की पहिल्या पानावरचा ‘श्री’ त्यांच्याच हातचा. वही लाल कापडात बांधलेली, पांढऱ्या दोऱ्यानं शिवलेली आणि आत एकही रेघ नाही. कागदाला घातलेल्या घड्या हेच रकाने. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. दिवसाचा व्यवहार आधी कीर्दीत उतरायचा, तिथून ज्याच्या त्याच्या खात्यावर खतावणीत. संध्याकाळी पेटीतली रोकड कीर्दीतल्या शिलकेशी जुळल्याखेरीज घरी जायचं नाही.

आणखी एक वही पेवांची असे. सांगलीची हळद हरिपूरला कृष्णाकाठच्या जमिनीत खणलेल्या पेवांत वर्षानुवर्षं टिकायची. कुठल्या पेवात कुणाची किती पोती, कधी भरली, हे त्या वहीत. 2005 च्या महापुरात पाणी शिरलं आणि बरीच पेवं गेली, पण तोवर मालाचा सगळा हिशेब त्या एका वहीवर चाले.

दिवाणजींचा एक दंडक होता. रक्कम लिहिली की तिच्याखाली ‘हस्ते’ आणि ‘बाबत’ आलंच पाहिजे. पैसे कुणाच्या हाती दिले आणि कशासाठी. ‘हस्ते धाकटे बंधू, बाबत बैल.’ ‘हस्ते मातोश्री, बाबत मुलीचे लग्न.’ एका शेतकऱ्याच्या खात्याची तीन-चार वर्षांची पानं उलटली की त्याचं घर डोळ्यांपुढे उभं राहायचं. दिवाणजी ती पानं वाचून शेटजींना सांगत, “यंदा ह्यांना उचल जास्त लागेल. ते मागायच्या आधी आपण विचारा.” शेटजी विचारत. त्या घरची हळद दुसऱ्या दुकानात जात नसे.

वह्या लिहिण्याचं हे काम परदेशात यंत्राकडे जायला तेव्हाच सुरुवात झाली होती. 1972 साली जर्मनीत आयबीएममधून बाहेर पडलेल्या पाच जणांनी सॅप ही कंपनी काढली. त्यांचं पहिलं गिऱ्हाईक नायलॉनचा एक कारखाना. हिशेब, खरेदी, साठा यांची नोंद एकदाच करायची आणि ती त्याच क्षणी सगळीकडे उतरायची, ही त्यांची मूळ कल्पना. आमच्या कीर्द, खतावणी आणि पेवांच्या वहीत तीच नोंद मी तीनदा लिहीत होतो, म्हणून मला त्या कल्पनेचं मोल कळतं.

आमच्यासारख्या दुकानांपर्यंत पोचली ती टॅली. बंगळुरात श्यामसुंदर गोएंका कारखान्यांना आणि कापड गिरण्यांना कच्चा माल व सुटे भाग पुरवत. स्वतःच्या धंद्याचे हिशेब ठेवायला त्यांना मनासारखं सॉफ्टवेअर मिळेना, तेव्हा त्यांनी मुलाला, भरत यांना, ते लिहायला सांगितलं. साल 1986. कंपनीचं नाव आधी प्यूट्रॉनिक्स होतं, 1999 मध्ये ते टॅली सोल्युशन्स झालं. यातली मोठी गोष्ट म्हणजे खात्यांना आकड्यांचे कोड द्यावे लागत नसत. खतावणीसारखंच माणसाचं नाव टाकायचं आणि त्याचं खातं उघडायचं. भारतातल्या दुकानदारानं टॅली आपली मानली, त्यामागं मला हेच कारण दिसतं. ज्यानं ती लिहायला सांगितली तो स्वतः व्यापारी होता.

आमच्याकडे संगणक 1997 साली आला. ‘डे बुक’ म्हणजे कीर्द, ‘लेजर’ म्हणजे खतावणी, हे मला दोन दिवसांत उमगलं. छळलं ते बाजूंनी. आमच्या खतावणीत जमा डावीकडे, तर लेजरमध्ये नावेच डावीकडे आणि जमा उजवीकडे. चौदा वर्षं बसलेली नजर फिरवायला मला एक अख्खा हंगाम लागला. पण पाडव्यापूर्वी ताळेबंदासाठी जागवलेल्या रात्री संपल्या. तसं पाडव्याचं वर्ष आयकरापुरतं 1989 मध्येच मागं पडलं होतं, सगळ्यांनाच एप्रिल ते मार्च सक्तीचं झालं होतं. चोपडी उरली पूजेपुरती. 2017 च्या 1 जुलैला जीएसटी आला आणि मागं राहिलेली दुकानंही संगणकावर आली.

गिऱ्हाइकाशी असलेलं नातं सांभाळायची सॉफ्टवेअरं मात्र वेगळ्या घराण्यात जन्मली. अमेरिकेत 1993 साली सीबल, 1999 साली सेल्सफोर्स, आणि 2005 मध्ये चेन्नईच्या झोहोचं सीआरएम. गिऱ्हाईक कधी बोललं, काय म्हणालं, पुन्हा कधी विचारायचं, ते यात. पैसा एका सॉफ्टवेअरमध्ये आणि माणूस दुसऱ्यात, ही वाटणी मला कधीच पटली नाही. आमच्या खतावणीत दोघं एकाच ओळीवर होते.

2009 साली आमच्या दुकानात वाद झाला. तीन पिढ्यांचं खातं. वीस हजारांची उचल नावे पडलेली आणि शेतकरी म्हणाला, मला पैसे मिळालेच नाहीत. टॅलीत तारीख होती, रक्कम होती. खालचा नॅरेशनचा रकाना रिकामा होता. नोंद मीच केली होती, आणि पैसे कुणी नेले ते मला आठवेना. शेटजींनी रक्कम सोडून दिली. पण संशय दोन्हीकडे राहिला आणि पुढच्या हंगामात त्यांची हळद आमच्या दारी आली नाही. त्यांच्या आजोबांच्या वेळचा एक वाद दिवाणजींनी जुनी वही उघडून मिनिटभरात मिटवलेला मी पाहिला होता. वहीत लिहिलं होतं, ‘हस्ते जावई.’

आज दुकानादुकानांत टॅलीवर बसलेल्या मुलामुलींना माझी कळकळीची विनंती आहे. नॅरेशनचा रकाना सोडू नका. रक्कम कुणाच्या हाती दिली आणि कशासाठी, एवढं प्रत्येक नोंदीखाली लिहा. तिथं मराठीतही लिहिता येतं.