वेतन आयोगाच्या कक्षेबाहेरील टपालसेवक : चंद्रपूर–गडचिरोली वनप्रदेशाच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

ब्रह्मपुरी हे वैनगंगेच्या पश्चिमेकडील तालुक्याचे ठिकाण. नदीच्या पलीकडे वडसा, आरमोरी आणि पुढे कुरखेडा, धानोरा, एटापल्ली, भामरागड असा वनप्रदेश पसरलेला आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. महसुली जिल्हे दोन झाले, तरी टपाल खात्याचा चांदा विभाग दोन्ही जिल्ह्यांना सामावून घेत राहिला. या प्रदेशात टपाल पोहोचविणारे कर्मचारी एकाच खात्याचे असले, तरी त्यांचे दोन वर्ग आहेत. पहिला वर्ग केंद्रीय वेतन आयोगाच्या शिफारशींचा थेट लाभार्थी आहे. दुसरा वर्ग म्हणजे ग्रामीण डाकसेवक. त्यांचा मोबदला प्रत्येक वेळी वेगळ्या समितीने ठरविला. ही विभागणी कशी निर्माण झाली आणि वनप्रदेशात तिचा अर्थ काय होतो, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

विभागबाह्य व्यवस्थेचा उगम :

१८५४ मध्ये भारतातील टपाल खाते एका महासंचालकाच्या अधिपत्याखाली स्वतंत्रपणे संघटित झाले. खेडोपाडी पूर्णवेळ नोकर नेमणे सरकारला परवडणारे नव्हते. म्हणून गावातील शाळामास्तर, दुकानदार किंवा जमीनधारक यांच्याकडे अल्प मोबदल्यात टपालाचे काम सोपविण्याची पद्धत रूढ झाली. या व्यवस्थेमागे एक गृहीतक होते : या व्यक्तीचे पोट दुसऱ्या व्यवसायावर चालते आणि टपालाचे काम हे तिचे जोडकाम आहे. त्यामुळे तिला मिळतो तो पगार नव्हे, भत्ता होय. पुढे हाच वर्ग 'विभागबाह्य कर्मचारी' या नावाने ओळखला जाऊ लागला. १९६४ मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र सेवानियम झाले आणि २००१ मध्ये त्यांना 'ग्रामीण डाकसेवक' हे नाव मिळाले. नाव बदलले, परंतु मूळ गृहीतक कायम राहिले.

वेतन आयोग आणि नियमित टपाल कर्मचारी :

नियमित कर्मचाऱ्यांच्या वेतनाचा इतिहास संघर्षाचा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या महागाईत ११ जुलै १९४६ रोजी टपाल कर्मचाऱ्यांचा देशव्यापी संप सुरू झाला. २९ जुलै रोजी कलकत्त्यात त्यांच्या पाठिंब्यासाठी सार्वत्रिक बंद पाळण्यात आला. याच काळात न्या. श्रीनिवास वरदाचारियर यांच्या अध्यक्षतेखाली पहिला वेतन आयोग काम करीत होता. त्याने १९४७ मध्ये महागाई भत्त्यासह किमान ५५ रुपये सुचविले.

ऑगस्ट १९५७ मध्ये टपाल-तार कर्मचाऱ्यांनी संपाची तयारी केली असताना न्या. जगन्नाथ दास यांचा दुसरा आयोग नेमला गेला. त्याच वर्षी १५ व्या भारतीय श्रम परिषदेने गरजाधारित किमान वेतनाची कल्पना मान्य केली होती. आयोगाने मात्र १९५९ मध्ये ८० रुपयांचीच शिफारस केली. या निराशेतून जुलै १९६० चा केंद्रीय कर्मचाऱ्यांचा पाच दिवसांचा संप घडला. त्यानंतर १९७३, १९८६ आणि १९९७ मध्ये अनुक्रमे तिसऱ्या, चौथ्या व पाचव्या आयोगाचे अहवाल आले.

न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्या सहाव्या आयोगाने मार्च २००८ मध्ये अहवाल सादर केला. त्यातून वेतनबँड व ग्रेड वेतन ही रचना आली. पोस्टमनला २००० रुपयांचे ग्रेड वेतन मिळाले आणि जुन्या 'ड' गटाचे रूपांतर बहुकार्य कर्मचाऱ्यांत झाले. १ सप्टेंबर २००८ पासून १०, २० व ३० वर्षांच्या सेवेनंतर आर्थिक उन्नतीची सोय झाली. न्या. ए. के. माथूर यांच्या सातव्या आयोगाच्या शिफारशी १ जानेवारी २०१६ पासून लागू झाल्या. त्यानुसार बहुकार्य कर्मचाऱ्याचे सुरुवातीचे मूळ वेतन १८,००० रुपये, पोस्टमनचे २१,७०० रुपये व टपाल सहायकाचे २५,५०० रुपये झाले.

ग्रामीण डाकसेवक : न्यायनिर्णय आणि समित्या :

ग्रामीण डाकसेवकांचा प्रवास याला समांतर, परंतु वेगळ्या वाटेने झाला. राजन, मदन किशोर, सवूर, न्या. चरणजित तलवार, नटराज मूर्ती आणि कमलेश चंद्र अशा समित्या एकामागून एक आल्या. एप्रिल १९७७ मध्ये पी. के. राजम्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने महत्त्वाचा निर्णय दिला. विभागबाह्य कर्मचारी नियमित सेवेबाहेरचा असला, तरी तो नागरी पद धारण करतो आणि राज्यघटनेच्या ३११ व्या अनुच्छेदाचे संरक्षण त्याला आहे, असे न्यायालयाने म्हटले. म्हणजे त्याला कामावरून काढताना तो सरकारी पदावरचा ठरला. वेतन ठरविताना मात्र तो बाहेरचाच राहिला.

डिसेंबर २००० मध्ये टपाल संघटनांनी देशव्यापी संप केला, त्यात याच वर्गाच्या मागण्या अग्रभागी होत्या. सातव्या वेतन आयोगापुढेही समान वागणुकीची मागणी आली. परंतु चार ते पाच तासांचे काम, उपजीविकेचे दुसरे साधन असण्याची अट आणि ६५ वर्षांपर्यंतची सेवा ही वैशिष्ट्ये पाहता नियमित कर्मचाऱ्यांशी बरोबरी करता येणार नाही, असे आयोगाने नमूद केले.

नोव्हेंबर २०१५ मध्ये नेमलेल्या कमलेश चंद्र समितीने नोव्हेंबर २०१६ मध्ये अहवाल दिला. अंमलबजावणी लांबत गेल्याने २२ मे २०१८ पासून डाकसेवकांनी संप पुकारला आणि ६ जून २०१८ रोजी मंत्रिमंडळाने मान्यता दिली. १ जुलै २०१८ पासून शाखा डाकपालास चार तासांसाठी १२,००० व पाच तासांसाठी १४,५०० रुपये, तर सहायक शाखा डाकपाल व डाकसेवकास अनुक्रमे १०,००० व १२,००० रुपये भत्ता ठरला. किमान कामाचे तास तीनवरून चार झाले. मात्र नियमित कर्मचाऱ्यांना सुधारित वेतन जानेवारी २०१६ पासून, तर डाकसेवकांना नवा भत्ता अडीच वर्षांनंतर मिळाला. मधल्या काळासाठी मूळ भत्त्याला २.५७ ने गुणून थकबाकी देण्यात आली.

वनप्रदेशातील तासांचा प्रश्न :

वरील आकडे बारकाईने पाहिल्यास एक गोष्ट ध्यानात येते. १८,००० रुपये आठ तासांचे मानल्यास चार तासांचे ९,००० होतात. डाकसेवकाला १०,००० मिळतात. म्हणजे तासाच्या दराने पाहता सुरुवातीचा भत्ता अन्यायकारक दिसत नाही. अन्यायाचे मूळ दरात कमी आणि तास मोजण्याच्या रीतीत अधिक आहे.

शाखा डाकपालाचे काम पूर्वी गुणपद्धतीने, म्हणजे व्यवहारांच्या संख्येवरून मोजले जाई. ब्रह्मपुरीच्या सखल, भातशेतीच्या पट्ट्यात गावे एकमेकांना लागून आहेत व व्यवहार अधिक आहेत. एटापल्ली–भामरागडकडे लोकवस्ती विरळ आणि पाडे दूरवर विखुरलेले. तेथे टपाल थोडे, परंतु वाट लांब. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो आणि नदी उतरण्याची वाट पाहण्यात वेळ जातो. हा वेळ व्यवहारांच्या मोजणीत दिसत नाही. ज्याचे श्रम अधिक, त्याचे गुण कमी, असा हा विपर्यास होता. कमलेश चंद्र समितीने गुणपद्धती रद्द करण्याची शिफारस केली व जोखीम आणि खडतरता भत्ता मान्य झाला, ही या दृष्टीने योग्य दिशेची पावले होत.

दुसरा मुद्दा उपजीविकेच्या गृहीतकाचा. जेथे एकपिकी शेती आणि तेंदूपाने, मोहफुले यांसारख्या हंगामी वनोपजावर कुटुंब चालते, तेथे टपालाचा भत्ता हेच बहुधा वर्षभर येणारे रोख उत्पन्न ठरते. जोडकाम म्हणून मोजलेले काम प्रत्यक्षात घराचा मुख्य आधार होते. शिवाय बचत खाती, रोजगार हमीची मजुरी आणि १ सप्टेंबर २०१८ पासून टपाल पेमेंट्स बँक यांमुळे शाखा डाकघर हे केवळ पत्रांचे ठिकाण उरले नाही.

निष्कर्ष :

१) नियमित टपाल कर्मचाऱ्यांचे वेतन आयोगागणिक सुधारत गेले, ग्रामीण डाकसेवकांचे मोबदले मात्र विलंबाने व स्वतंत्र समित्यांमार्फत ठरले.

२) १९७७ च्या न्यायनिर्णयाने मान्य केलेला पदाचा दर्जा आणि भत्त्याची रचना यांतील विसंगती दूर झालेली नाही.

३) वनप्रदेशात व्यवहारसंख्या हा श्रमाचा खरा मापदंड ठरत नाही, अंतर, ऋतू व वाटेची स्थिती यांचा विचार आवश्यक आहे.

न्या. रंजना देसाई यांच्या अध्यक्षतेखालील आठव्या वेतन आयोगाची कार्यकक्षा ऑक्टोबर २०२५ मध्ये मंजूर झाली. तीतही ग्रामीण डाकसेवकांचा स्वतंत्र उल्लेख नव्हता. १८५४ चा शाळामास्तर फावल्या वेळात टपाल सांभाळीत होता. आजच्या शाखा डाकपालाच्या हाती गावाची बचत आणि मजुरांची मजुरी असते. या बदलाची नोंद जोवर मोबदल्याच्या रचनेत होत नाही, तोवर विभागबाह्य हा शब्द नियमांतून गेला तरी व्यवहारातून जाणार नाही.