पान्हा
गाय, म्हैस, शेळी या दुभत्या जनावरांच्या कासेतील दूध सडांत उतरण्याच्या प्रतिक्षिप्त क्रियेला पान्हा म्हणतात. वासराच्या ढुशा, सडांना होणारा स्पर्श किंवा आंबोणाचा परिचित वास यांमुळे पोष ग्रंथीच्या पश्च खंडातून ऑक्सिटोसिन हे हॉर्मोन रक्तात येते आणि दूध तयार करणाऱ्या सूक्ष्म कोष्ठांभोवतीच्या, स्नायूंप्रमाणे आकुंचन पावणाऱ्या पेशी आवळल्या जाऊन दूध नलिकांत ढकलले जाते. हा परिणाम काही मिनिटांतच ओसरत असल्याने रेंगाळत धार काढणे तोट्याचे ठरते. भीती किंवा वेदनेमुळे स्रवणारे ॲड्रेनॅलीन ही क्रिया रोखते. अशा वेळी जनावर पान्हा चोरते असे म्हणतात, परंतु त्यात लबाडी मुळीच नसते. म्हशीच्या कासेतील कुंडात दूध अल्पच साठत असल्याने पान्हवण्यास तिला सामान्यतः गाईपेक्षा अधिक वेळ लागतो.