वाळकेश्वर

वाळकेश्वर हा महाराष्ट्र राज्यातील मुंबई शहराच्या दक्षिण भागातील एक समुद्रकाठचा परिसर आहे. मलबार हिल या टेकडीच्या दक्षिण टोकाकडील भागास हे नाव असून टेकडीचे टोक मलबार पॉइंट या भूशिराच्या रूपाने अरबी समुद्रात शिरले आहे. पश्चिमेस व दक्षिणेस खुला समुद्र, पूर्वेस बॅक बेचा उपसागर व गिरगाव चौपाटी, तर उत्तरेस मलबार हिलचा उर्वरित भाग अशी या परिसराची चतुःसीमा आहे. वाळकेश्वराचे मंदिर, बाणगंगा तलाव आणि राज्यपालांचे निवासस्थान ही येथील प्रमुख स्थळे होत. मुंबईतील अतिशय महाग वस्त्यांमध्ये याची गणना होते. परंतु बहुमजली इमारतींच्या मागे, उताराच्या तळाशी, तलावाभोवती वसलेले जुने तीर्थक्षेत्र आजही वापरात आहे.

नावाची व्युत्पत्ती

वाळकेश्वर हे नाव ‘वालुकेश्वर’ म्हणजे वाळूचा ईश्वर या संस्कृत नावावरून आले आहे. स्थानिक आख्यायिकेनुसार सीतेच्या शोधार्थ दक्षिणेकडे जाताना श्रीराम येथे थांबले. त्यांच्या पूजेसाठी लक्ष्मण दररोज काशीहून शिवलिंग आणीत असे. एके दिवशी त्यास उशीर झाला, तेव्हा रामाने किनाऱ्यावरील वाळूचेच लिंग करून पूजा केली. तहान लागली असता जवळपास गोडे पाणी नव्हते, म्हणून त्यांनी बाण मारून पाताळातून गंगा वर आणली, अशी बाणगंगेच्या उत्पत्तीची कथा आहे. तलावाच्या मध्यभागी उभा असलेला खांब बाण लागल्याची जागा दाखवितो, असे भाविक मानतात.

‘मलबार’ या नावाविषयी दोन मते आढळतात. एका मतानुसार मलबार किनाऱ्यावरून येणाऱ्या यात्रेकरूंमुळे, तर दुसऱ्या मतानुसार त्याच किनाऱ्यावरील चाच्यांमुळे युरोपीयांनी टेकडीस हे नाव दिले. मराठी बोलण्यात मात्र दीर्घकाळ संपूर्ण टेकडीलाच ‘वाळकेश्वर’ म्हटले जात असे.

भूरचना

मुंबई बेटाच्या पश्चिम कडेने बेसाल्ट खडकाची एक रांग उत्तर-दक्षिण गेली आहे. मलबार हिल हे तिचे दक्षिण टोक असून त्याची उंची सुमारे ५० मीटर आहे. मुंबईतील खडकांचे थर पश्चिमेकडे, म्हणजे समुद्राकडे, कललेले आहेत. टेकडीची पूर्व बाजू चौपाटीच्या अंगाने चढत जाते आणि वाळकेश्वर रस्ता याच बाजूने वर येतो. बाणगंगा मात्र पश्चिम उताराच्या पायथ्याशी आहे. त्यामुळे तीन बत्ती चौकात उभ्या असलेल्या माणसास समुद्र दोन्ही बाजूंना जवळ असूनही तलाव दिसत नाही. त्यासाठी खाली उतरावे लागते.

समुद्रापासून अगदी थोड्या अंतरावर असूनही बाणगंगेचे पाणी गोडे आहे. टेकडीवर पडणारे पावसाचे पाणी मातीत व खडकाच्या भेगांत मुरते आणि उताराच्या तळाशी झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. जमिनीतील गोड्या पाण्याचा हा साठा भरलेला असेपर्यंत खारे पाणी आत शिरत नाही. तलावातील जास्तीचे पाणी समुद्रास मिळते. तात्पर्य, तलावाचे अस्तित्व तलावापेक्षा वरच्या टेकडीवर अवलंबून आहे.

इतिहास

परंपरेनुसार शिलाहार राजांच्या दरबारातील मंत्री लक्ष्मण प्रभू यांनी इ.स. ११२७ मध्ये तलाव बांधला. वाळकेश्वराचे मूळ मंदिर मलबार पॉइंटजवळ होते आणि ते पोर्तुगीजांच्या अमलात उद्ध्वस्त झाले, असे मानले जाते. त्याच भूशिरावर ‘श्रीगुंडी’ नावाची खडकातील एक कपार होती. तिच्यातून पलीकडे गेल्यास पापक्षालन होते अशी श्रद्धा असल्याने यात्रेकरू लांबून येत. छत्रपती शिवाजी महाराज व कान्होजी आंग्रे यांनीही या कपारीतून प्रवेश केल्याच्या दंतकथा आहेत.

सध्याच्या जागी तलावाजवळ मंदिराची पुन्हा उभारणी १७१५ मध्ये झाली. त्यासाठी रामा कामती या धनाढ्य सारस्वत व्यापाऱ्याने मोठी देणगी दिली. रामा कामती हा ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील देशी शिपायांचाही प्रमुख होता. पुढे कंपनीचे शत्रू कान्होजी आंग्रे यांच्याशी गुप्त संधान बांधल्याचा आरोप त्याच्यावर ठेवण्यात आला. १७२० मध्ये त्याची मालमत्ता जप्त झाली आणि त्यास कारावासात टाकण्यात आले. तेथेच १७२८ मध्ये त्याचा मृत्यू झाला. पुरावा म्हणून दाखविलेला पत्रव्यवहार बनावट होता, असे नंतरच्या अभ्यासकांनी म्हटले आहे. मंदिराची आजची वास्तू अलीकडील बांधकामाची आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत टेकडीचा बराचसा भाग झाडीने व्यापलेला होता. मलबार पॉइंटवर गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या कारकिर्दीत बंगला उभा राहिला. १८८२ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांच्या पत्नीचे परळ येथील निवासस्थानी पटकीने निधन झाले. त्यानंतर १८८५ पासून मलबार पॉइंट हेच गव्हर्नरांचे कायमचे निवासस्थान झाले. सत्तेच्या पाठोपाठ व्यापारी, वकील आणि उद्योगपती यांचे बंगले टेकडीवर आले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांपैकी बहुतेकांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या.

मराठीतील मुंबईविषयक आद्य ग्रंथांमध्ये वाळकेश्वराला स्थान मिळाले आहे. गोविंद नारायण माडगावकर यांच्या ‘मुंबईचे वर्णन’ (१८६३) या ग्रंथात या क्षेत्राची माहिती येते. बाणगंगेजवळील एका रस्त्यास पुरातत्त्वज्ञ पंडित भगवानलाल इंद्रजी (१८३९–१८८८) यांचे नाव आहे.

बाणगंगा परिसर

तलाव आयताकार असून त्याच्या चारही बाजूंना दगडी पायऱ्या आहेत. प्रवेशाजवळ दीपस्तंभ आहेत. काठावरील अरुंद रस्त्यालगत वाळकेश्वराखेरीज जबरेश्वर, व्यंकटेश बालाजी, परशुराम इत्यादी देवतांची मंदिरे, तसेच धर्मशाळा व जुनी घरे आहेत. परशुरामाची स्वतंत्र मंदिरे विरळ असल्याने येथील मंदिर उल्लेखनीय ठरते. गौड सारस्वत ब्राह्मण समाजाचे कवळे मठ व काशी मठ येथे असून तलावाची मालकी याच समाजाच्या मंदिर न्यासाकडे आहे. जवळच दशनामी गोसाव्यांच्या समाधी आहेत.

तलावाच्या पलीकडे काही पावलांवर खडकाळ किनारा लागतो. येथे स्मशानभूमी, कपडे धुण्याची व वाळविण्याची जागा आणि दाटीची वस्ती आहे. टेकडीच्या माथ्यावर शासकीय निवासस्थाने व श्रीमंतांची घरे, मध्यभागी मठ-मंदिरे व पुजाऱ्यांची जुनी बिऱ्हाडे आणि लाटांच्या तडाख्यात श्रमिकांची घरे, अशी येथील सामाजिक रचना उताराच्या क्रमानेच वाचता येते.

अंत्यविधी आणि श्राद्धकर्मासाठी मुंबईच्या सर्व भागांतून लोक बाणगंगेवर येतात. भाद्रपदातील पितृपक्षात येथे विशेष गर्दी असते. कार्तिक पौर्णिमेस तलावाच्या पायऱ्यांवर पणत्या लावून महाआरती केली जाते. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने येथे हिवाळ्यात शास्त्रीय संगीताचा ‘बाणगंगा महोत्सव’ भरविला आहे.

इतर स्थळे

राज्यपालांचे निवासस्थान: हे ‘राजभवन’ या नावाने दीर्घकाळ परिचित आहे. त्याचा परिसर सुमारे ५० एकरांचा असून त्यात दाट झाडी, मोर व श्रीगुंडी देवीचे स्थान आहे. २०१६ मध्ये येथे ब्रिटिशकालीन भुयारी बंकर आढळला. २०१९ मध्ये त्याचे संग्रहालयात रूपांतर झाले आणि १४ जून २०२२ रोजी तेथे महाराष्ट्रातील क्रांतिकारकांविषयीच्या ‘क्रांतिगाथा’ या दालनाचे उद्घाटन झाले.

जैन मंदिर: वाळकेश्वर रस्त्यावरील बाबू अमीचंद पन्नालाल आदीश्वर जैन मंदिर १९०४ मध्ये बांधले गेले. संगमरवरी काम व रंगीत चित्रे यांसाठी ते प्रसिद्ध आहे.

उद्याने: टेकडीच्या माथ्यावर फिरोजशहा मेहता उद्यान (हँगिंग गार्डन) व कमला नेहरू उद्यान आहे. पहिले उद्यान जलाशयाच्या छतावर रचलेले आहे, तर दुसरे ‘म्हातारीचा बूट’ या बुटाच्या आकाराच्या घरामुळे महाराष्ट्रातील शालेय सहलींच्या अनेक पिढ्यांना ठाऊक आहे. कमला नेहरू उद्यानाच्या मागील उतारावरील झाडीतून जाणारा ४८५ मीटर लांबीचा उन्नत लाकडी निसर्गमार्ग मार्च २०२५ मध्ये खुला झाला. तो सिरी रोडजवळ आहे. चौपाटीकडून टेकडीवर येण्याची जुनी पायवाट शिडीसारखी उभी असल्याने ‘शिडी’वरून या रस्त्याचे नाव पडले, असे सांगितले जाते.

जिना हाउस: ‘साउथ कोर्ट’ या मूळ नावाचा हा बंगला १९३६ मध्ये वास्तुविशारद क्लॉड बॅटली यांच्या आराखड्यानुसार बांधला गेला. सप्टेंबर १९४४ मधील महात्मा गांधी व महंमद अली जिना यांच्यातील वाटाघाटी येथे झाल्या. मुख्यमंत्र्यांचे ‘वर्षा’ हे निवासस्थान आणि ‘सह्याद्री’ हे राज्य अतिथिगृहही याच टेकडीवर आहे.

जतन व समस्या

बाणगंगा तलाव हे राज्य शासनाचे संरक्षित स्मारक असून अलीकडे त्याच्या पुनरुज्जीवनाची योजना मुंबई महानगरपालिकेने हाती घेतली. जून २०२४ मध्ये गाळ काढण्यासाठी कंत्राटदाराने उत्खनन यंत्र थेट तलावात उतरविले आणि त्यामुळे जुन्या दगडी पायऱ्यांची मोडतोड झाली. महापालिकेने कंत्राटदाराविरुद्ध पोलिसांत तक्रार नोंदविली. ज्या पायऱ्या जतन करावयाच्या, त्यांचीच हानी जतनाच्या कामात झाल्याने, अशा वास्तूंची स्वच्छता यंत्राने करावी की हाताने, हा प्रश्न पुढे आला.

पितृपक्षात पाण्यात सोडलेले पिंड व अन्न कुजून पाण्यातील प्राणवायू कमी होतो आणि तलावातील मासे मरतात. धार्मिक विधी हा तलावाच्या अस्तित्वाचाच भाग असल्याने केवळ मनाई करून हा प्रश्न सुटत नाही. निर्माल्याची वेगळी व्यवस्था व त्यास भाविकांचे सहकार्य या दोन्हींची गरज आहे.

उतारावरील बांधकाम ही अधिक मूलभूत बाब आहे. खोल पाये आणि तळघरे यांच्या खोदाईने झऱ्याच्या वाटा तुटू अथवा वळू शकतात, तर फरशी व काँक्रीटने झाकलेल्या जमिनीत पाणी मुरत नाही. वृक्षांच्या मुळांनी धरून ठेवलेली माती सैल झाल्यास उतारही अस्थिर होतो. ऑगस्ट २०२० च्या अतिवृष्टीत मलबार हिलच्या पूर्व बाजूस दरड कोसळून बा. गं. खेर मार्ग खचला होता. टेकडीवरील जुन्या जलाशयाच्या पुनर्बांधणीसाठी शेकडो झाडे बाधित होणार असल्याने २०२३ मध्ये रहिवाशांनी विरोध केला. त्यानंतर तज्ज्ञ समिती नेमण्यात आली व जलाशय न पाडता दुरुस्तीचा पर्याय पुढे आला.

पोहोचण्याचा मार्ग

पश्चिम रेल्वेवरील चर्नी रोड व ग्रँट रोड ही जवळची स्थानके आहेत. तेथून बेस्टच्या बसने किंवा टॅक्सीने तीन बत्तीपर्यंत जाता येते. तीन बत्तीवरून पश्चिमेकडे उतरणाऱ्या गल्ल्यांनी व पायऱ्यांनी पायी काही मिनिटांत बाणगंगा गाठता येते. हा भाग राहत्या वस्तीचा व नित्य विधींचा असल्याने, विशेषतः श्राद्धकर्म चालू असताना, छायाचित्रे घेण्यापूर्वी संबंधितांची अनुमती घेणे उचित ठरते. तलावावरून आणखी खाली गेल्यास वाट खडकाळ किनाऱ्यापर्यंत पोहोचते. भरतीच्या वेळी व पावसाळ्यात तेथील खडकांवर जाणे धोक्याचे असते.