हौशी खगोलछायाचित्रण संच

हौशी खगोलछायाचित्रण संच म्हणजे तेजोमेघ, दीर्घिका व तारकागुच्छ यांसारख्या अंधुक खगोलीय पदार्थांची छायाचित्रे घेण्यासाठी केलेली दुर्बीण, माउंट आणि कॅमेरा यांची जुळणी होय. नवशिके बहुधा आधी दुर्बिणीच्या व्यासाचा विचार करतात. छायाचित्राचा दर्जा मात्र मुख्यतः माउंटवर ठरतो. त्यामुळे खर्चाचा मोठा वाटा माउंटसाठी राखणे इष्ट असते.

माउंट

पृथ्वीच्या परिवलनामुळे खगोलीय विषुववृत्ताजवळचे तारे दर सेकंदास सुमारे १५ विकला सरकतात (१ अंश = ३,६०० विकला). ४०० मिमी नाभीय अंतराच्या दुर्बिणीस ३.७६ मायक्रोमीटर पिक्सेलांचा कॅमेरा जोडल्यास प्रत्येक पिक्सेलवर आकाशाचा सुमारे १.९ विकला इतका भाग येतो. म्हणजे दुर्बीण स्थिर असल्यास तारा सेकंदात जवळजवळ ८ पिक्सेल ओलांडतो आणि ठिपक्याऐवजी रेघ उमटते. विषुववृत्तीय माउंटचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर ठेवून २३ तास ५६ मिनिटांत एक फेरी होईल अशा गतीने फिरवला जातो. साध्या आल्ट-अझिमथ माउंटला मोटर बसवल्यास तारा मध्यभागी राहतो खरा, पण त्याभोवतीचे दृश्यक्षेत्र हळूहळू फिरते.

अक्ष समांतर करण्याच्या क्रियेस ध्रुवीय संरेखन म्हणतात. उत्तर गोलार्धात त्यासाठी ध्रुवताऱ्याचा आधार घेतात. परंतु तो खगोलीय ध्रुवापासून अर्ध्या अंशाहून अधिक दूर असल्याने अक्ष नेमका त्याच्यावरच रोखणे दीर्घ चित्रणास पुरत नाही. ध्रुवाची उंची स्थळाच्या अक्षांशाइतकी असते. पुण्याहून ती सुमारे १८.५ अंशच भरत असल्याने उत्तरेकडील क्षितिज मोकळे असलेली जागा निवडावी लागते.

कॅमेऱ्याची जोडणी

डीएसएलआर कॅमेऱ्याचे भिंग काढून तो टी-रिंगच्या साहाय्याने दुर्बिणीस जोडला जातो. दुर्बीणच मग त्याचे भिंग ठरते. दृश्यक्षेत्राच्या कडांचे तारेही रेखीव यावेत म्हणून अपवर्तक दुर्बिणीत फील्ड फ्लॅटनर बसवतात. अनेक फ्लॅटनरांच्या मागे संवेदक ५५ मिमी अंतरावर असावा लागतो. डोळ्याने पाहण्यासाठी बनवलेल्या काही न्यूटनीय दुर्बिणींत प्रतिमा संवेदकापर्यंत पोहोचतच नाही, हे खरेदीपूर्वी तपासणे आवश्यक असते. सर्वसाधारण कॅमेऱ्यातील गाळणी हायड्रोजनचा ६५६.३ नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश बराचसा अडवते. परिणामी तेजोमेघ फिके येतात.

चित्रण

प्रतिमा स्पष्ट करण्यासाठी तेजस्वी ताऱ्यावर दुर्बीण रोखून तोंडाशी बाहतिनोव्ह मुखवटा लावतात. एकाच दीर्घ चित्राऐवजी अनेक चित्रे घेऊन संगणकावर त्यांची सरासरी काढली जाते. १६ चित्रांच्या सरासरीत यादृच्छिक गोंगाट एका चित्राच्या तुलनेत चौथाईवर येतो. संवेदकावरील धुळीचे डाग घालवण्यासाठी समप्रकाशित पृष्ठभागाची वेगळी चित्रेही घेतात. ती कॅमेरा न फिरवता त्याच जोडणीत घ्यावी लागतात.